घास पाहणारे खापरे भाऊ

खापरे भाऊ तुमच्या तोंडाकडे पाहून कधी बोलत नसत. तुमच्या हातातल्या घासाकडे पाहून बोलत. मी ऑफिसात रुजू झाले त्या पहिल्याच दुपारी डबा उघडला, पोळी मोडली आणि समोरचा जाड चष्म्याचा हेडक्लार्क शांतपणे म्हणाला, "ताई, तुमी पोळी तोडून नाही राहिल्या, फाडून राहिल्या. सकाळी घरी कोणाशी वाजलं?"

वाजलं होतं. नवऱ्याशी, गॅसच्या सिलिंडरवरून. पण पहिल्याच दिवशी परक्या माणसाला हे कोण सांगतं? मी नाही म्हणाले.

"तोंड खोटं बोलते, घास नाही बोलत," म्हणत त्यांनी गुळाचा खडा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला. रागावलेल्या माणसाने आधी गूळ खायचा, असा त्यांचा नियम होता.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आमचं खातं भाड्याच्या एका बंगल्यात बसे. न्हाणीघरात जुन्या फायली होत्या आणि जेवायला आम्ही तिथल्या रिकाम्या स्वयंपाकघरात बसायचो. निम्मी माणसं भोपाळहून आलेली, बायकापोरं तिकडेच ठेवून. त्यामुळे हरतऱ्हेचे मूड रोज एक वाजता पंगतीला हजर असत आणि खापरे भाऊंना अभ्यासाला कधी काही कमी पडत नसे. चिंतेतला माणूस भात नुसता कालवत बसतो. खुशीतला लोणचं विसरतो. कंटाळलेला बोलता बोलता दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो. हे सगळं ते खिशातल्या छोट्या वहीत टिपून ठेवत.

एकदा आमचे साहू भैया एकाच गालाने हळूहळू चावत, खिडकीबाहेर बघत जेवताना दिसले. ते प्रेमात पडले आहेत, असं भाऊंनी जाहीर केलं. साहू भैया दोन नातवंडांचे आजोबा. तीन दिवस बिचारे सगळ्यांच्या थट्टेला नुसतं "हव, हव" म्हणत मान डोलवत राहिले आणि चौथ्या दिवशी दाढ काढून आले. भाऊ जराही ओशाळले नाहीत. दुखणं दोन्हीत सारखंच असते, म्हणाले.

साहेबांचं जेवण वरच्या खोलीत जाई. खाली परत आलेलं ताट भाऊ तपासत आणि त्यावर आमच्या रजा ठरत. दही उरलं असेल तर अर्ज न्यायचा नाही. पोळीच्या कडा उरल्या असतील तर फक्त अर्ध्या दिवसाचा न्यायचा. एकदा ताट धुतल्यासारखं लख्ख आलं. भाऊंनी मला आठ दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन वर पिटाळलं. साहेबांनी तो न वाचताच परत केला, वर माझ्या आधीच्या दोन रजांची उलटतपासणी घेतली. आदल्या दिवशी त्यांचा निर्जळी उपास होता, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. भाऊंनी लगेच वही काढली आणि लिहिलं: उपासाचा दुसरा दिवस धरू नये.

असा हा माणूस एकदा सलग तीन दिवस आलाच नाही. रजेचं कारण "घरगुती" एवढंच. चौथ्या दिवशी साहेबांनी एका तातडीच्या फाइलवर त्यांची सही आणायला मला पुरानी बस्तीत त्यांच्या घरी पाठवलं.

दार भाऊंनीच उघडलं, हातात झारा. आत ओट्यावर पाच-सहा पातेली आणि खाटेवर उशीला टेकून बसलेल्या वहिनी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. दिवसा शेजारची बाई लक्ष ठेवायला येई.

"रागावली आहे ताई," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "परवा पाटोडी केली, काल तांदळाचा फरा वाफवला. दोन घास खाते न् तोंड फिरवते. पण काहून रागावली, तेच समजून नाही राहिलं."

एवढ्यासाठी त्यांनी रजा काढली होती.

मग माझ्या देखत ते कढीभात भरवायला बसले. एका हातात चमचा, दुसऱ्यात पेन, मांडीवर वही उघडी. वहिनींनी एक घास घेतला, भाऊंनी लिहिलं. दुसरा घेतला, लिहिलं. तिसऱ्याला वहिनींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी विचारलं, "भाऊ, तुम्ही केव्हा जेवता?"

"मी काय, मागून उभ्या उभ्या खाऊन घेतो. पहले संगच बसत होतो. आठ दिवसांपासून हे लिहिणं सुरू केलं, मग माझं ताट राहूनच जाते."

त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. वहिनींनी डाव्या हाताने कढीची वाटी जोरात ढकलली. वाटी थेट वहीवर उलटी झाली आणि सगळी पानं पिवळी झाली. मी फडकं शोधायला उठले. भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. मग उठले, आतून दुसरं ताट आणलं आणि खाटेजवळ मांडी घालून बसले. वहिनींनी तोंड उघडलं.

मी सही न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर आले, पण डबा न घेता. ठीक एक वाजता स्कूटर काढून जेवायला घरी गेले आणि पुढे तोच रिवाज पडला. आमचे घास बघायला कोणी उरलं नाही. साहू भैया दोन-तीनदा मुद्दाम भात कालवत बसले, पण नुसतेच.

एकदा दुपारी भाऊ जेवून परतले तेव्हा मी सहज विचारलं, आज भाजी कोणती होती?

भाऊ विचारात पडले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"ध्यानातच नाही आलं, ताई," ते म्हणाले. "गप्पा करून राहिलो होतो आमी."