रत्नागिरी बंदरावरचं अश्रुनियंत्रण

शिमगा आटपला की रत्नागिरी बंदरावर बायका रडायच्या, आणि त्या रडण्याला कुणीतरी आळा घालणं भागच होतं. म्हणजे बघा, बोट उभी असायची लांब, समुद्रात. चाकरमान्यांना तिथवर पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, न्यायचं. पडाव भरत आला की बोट भोंगा द्यायची, आणि भोंगा झाला रे झाला की धक्क्यावरच्या झाडून सगळ्या बायका गळा काढायच्या. नुसता गळा काढून थांबल्या असत्या तर कुणाची तक्रार नव्हती. त्या नवऱ्याचा सदरा धरायच्या. एका साली तर एक सदरा धक्क्यावर राहिला आणि आतला माणूस उघडाच मुंबईला गेला. पडाव खोळंबला की बोट खोळंबायची, मग कप्तान चिडून आणखी भोंगे द्यायचा, आणि दर भोंग्याला बायका नव्या दमानं सुरुवात करायच्या.

ह्या सगळ्यांत पुढे मालन. मिरजोळ्याच्या धोंडूची बायको. तिचा पहिला हुंदका पडला की बाकीच्यांना सूर सापडायचा.

आता मालन एवढी का रडायची? तर धोंडू मुंबईला गिरणीत. यायचा गणपतीला आणि शिमग्याला, आणि आला तरी घरात सासू, दीर, जावा, पोरं. नवरा-बायकोनं माणसांत बोलायचं म्हणजे अगदीच लाज सोडल्यासारखं. "भात वाढू?" "वाढ." झाला संसार. पण धक्क्यावर रडायला मुभा होती. मुभा कसली, सक्तीच होती. सून रडली नाही तर गावात नाव जातं म्हणून सासू चिमा मागून चिमटा काढायची. मालनला चिमट्याची गरज कधी पडली नाही. गाय आटली, छपर गळलं, मला ताप आला तेव्हा तू नव्हतास, असं सगळं साठलेलं ती तिथं रडून सांगून टाकायची. आणि धोंडू, एरवी नुसता खांब, तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "येतो हां गणपतीला." तेवढ्यावर दोघं पुढचे महिने काढायची. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे.

पण हे मंडळाला कुठं ठाऊक?

मंडळ म्हणजे प्रवासी निरोप सुधारणा मंडळ. अध्यक्ष हरिहरपंत, निवृत्त हेडमास्तर. चिटणीस गोपाळकृष्ण, हा एका वकिलाकडे कारकून होता आणि अध्यक्षांचं वाक्य संपलं की सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायचा. तो वाजवायचा म्हणून मग सभा वाजवायची. हरिहरपंतांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की घंटा वाजवून कुत्र्याला खायला घातलं, असं रोज केलं, की पुढे नुसत्या घंटेनंसुद्धा कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यांना रात्रभर झोप नाही. सकाळी मंडळाचा ठराव तयार! भोंगा आणि दुःख यांचा परस्परसंबंध तोडून त्या जागी भोंगा आणि आनंद यांचा परस्परसंबंध प्रस्थापित करण्यात यावा. साधन, गूळ.

मंडळ स्वतः मिरजोळ्याला गेलं. देवळासमोर बायकांना बसवलं, मालनला मुद्दाम पहिल्या ओळीत. गोपाळकृष्णाच्या गळ्यात मोडीत निघालेल्या लाँचीचा भोंगा.

"बायांनो," हरिहरपंत म्हणाले, "मन हे सवयीचं असतं. भोंगा झाला की तोंडात गुळाचा खडा धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, आनंद आहे. हाच प्रयोग परदेशात कुत्र्यांवर पूर्ण यशस्वी झालेला आहे."

चिमा उठून उभी राहिली. "मास्तर, आमी काय कुत्रे हाव?"

"छे छे," हरिहरपंत गंभीरपणे म्हणाले. "तुम्हांला कुत्र्यापेक्षा निश्चितच कमी वेळ लागेल."

गोपाळकृष्णानं टाळी वाजवली. बायकांनीही वाजवली.

मग काय, पुढच्या शिमग्यापर्यंत रोज संध्याकाळी हेच. पोंऽऽ, खडा, आनंद आहे. मालन आधी गूळ पदरात बांधून पोरांना न्यायची. पण चिटणीस तोंड उघडायला लावून बघायचा. दिवाळीपर्यंत तिला भोंग्याबरोबर तोंडाला पाणी सुटायला लागलं. थंडी पडेतो गूळ मिळो न मिळो, भोंगा झाला की पोटातून एक गोड उमाळा यायचा आणि ओठ आपसूक फाकायचे. तिनं दाबून बघितले, दाबले जाईनात.

एकदा तर कहरच झाला. वाडीतली म्हातारी सखू गेली. तिरडी उचलली, बायका ओळीनं रडतायत, आणि वारा होता समुद्राकडचा. लांबून बोटीचा भोंगा आला. सगळ्या बायकांचे चेहरे एकदम उजळले. "आनंद आहे," कुणीतरी बोलूनसुद्धा गेलं. सखूच्या मुलानं त्या दिवसापासून वाडीशी बोलणं टाकलं. मंडळानं ह्या घटनेची नोंद 'अपेक्षेपेक्षा अधिक परिणाम' अशी केली.

आणि शिमगा आला. शिमगा आटपला. धक्का माणसांनी भरला. मालन सकाळपासून धास्तावलेली. मनाशी म्हणत होती, गाय आठव, छपर आठव, ताप आठव. आठवलं, गळ्याशी आलंसुद्धा. धोंडू वळकटी घेऊन समोर उभा राहिला, डोकं थोडं तिच्याकडे, हात उचलायच्या तयारीत. तेवढ्यात पोंऽऽ!

मालन हसली. ओठ चाटले. चिमानं मागून कचकचून चिमटा काढला, पण चिमाच्याच तोंडाला पाणी सुटलेलं होतं, त्यामुळे चिमट्यात दम नव्हता. आख्खा धक्का हसऱ्या बायकांनी भरला होता, आणि त्या सगळ्या जणी नवऱ्यांकडे न बघता गोपाळकृष्णाच्या पिशवीकडे बघत होत्या. धोंडूचा हात अर्ध्यातच राहिला. मग त्यानं तो हात वळकटीला लावला आणि पडावात जाऊन बसला.

पडाव वेळेवर सुटला. कप्तानानं वरून मंडळाला सलाम केला.

"धोंड्या," पडावात शेजारी बसलेला बाबल्या म्हणाला, "तुझी बायको तर लाळ गाळीत होती रे. तू टळलास म्हणून."

"तुझी काय करीत होती?"

बाबल्यानं वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधली. मग पडावातल्या सगळ्यांनीच आपापल्या बांधल्या.

गणपतीला बोट आली ती रिकामी. म्हणजे नारळाची पोती होती, दोन व्यापारी होते, चाकरमानी एकही नाही. मालन धक्क्यावर उभी राहून पोत्यांकडे बघत राहिली, आणि भोंगा झाला तसं तिला बरं वाटलं. बरं वाटलं ह्याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती घरी जाऊन चुलीपुढे बसली, पण तिथंही रडू फुटेना. मुंबईहून निरोप एवढाच, की आम्ही निघालो की तुम्ही हसता, तर यायचं कशाला?

मंडळाची तातडीची सभा भरली. पद्धत चुकली असं कुणी म्हटलं नाही, कारण पद्धत चुकलेली नव्हतीच. ती फार बरोबर लागू झाली होती. तेव्हा हरिहरपंतांनी ठराव मांडला की निरोपसमयी माफक प्रमाणात दुःख पुनर्स्थापित करण्यात यावं. साधन, हिरवी मिरची.

"मास्तर, आता मिरची?" चिमानं विचारलं.

"तत्त्व तेच आहे. फक्त पदार्थ बदलला."

"आनि 'आनंद आहे' म्हनायचा ना?"

हरिहरपंतांनी विचार केला. "ते तसंच राहू दे. काढायचं असं ठरावात म्हटलेलं नाही."

टाळी झाली. दुसऱ्या दिवसापासून पोंऽऽ, मिरची, आनंद आहे. हा प्रयोग आणखी लवकर साधला. पौषात भोंगा ऐकला की मालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून पाणी, कानशिलं लाल. हरिहरपंतांनी तिला मंडळाची आदर्श प्रवासीपत्नी म्हणून शाल दिली. मुंबईला सांगावा धाडला, या, आता बायका पूर्वीपेक्षा जास्त रडतात.

आणि धोंडू आला हो! शिमग्याच्या बोटीनं, सगळ्यांबरोबर. मालन पहाटेच उठून वेणीत अबोली घालून धक्क्यावर. पडाव जवळ येतोय, धोंडू पुढच्या फळीवर उभा, मान उंच करून तिला शोधतोय. तिला तो सापडला, त्यालाही ती सापडली, दोघांची नजरानजर झाली. आणि मागे बोटीनं पोहोचल्याचा भोंगा दिला.

निघायचा भोंगा आणि यायचा भोंगा एकच असतो, हे मंडळाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आख्खा धक्का हंबरडा फोडून रडायला लागला. धोंडूनं धक्क्यावर पाय ठेवला तो असा, समोर बायको ऊर फुटल्यागत रडतेय आणि मधेच 'आनंद आहे, आनंद आहे' म्हणतेय.

"गेलो तं हसते," धोंडू म्हणाला, "आलो तं रडते." आणि वळकटी खांद्यावर टाकून तो परत पडावाकडे वळला. त्याच्यामागे बाबल्या. त्याच्यामागे सगळे.

मालनला कळलं की हा आता गेला तर गेलाच. तिनं नाक पुसलं. "अवो, ह्या माझा नाय! ह्या मंडळाचा हाय!"

धोंडू थांबला. "मग तुझा काय हाय?"

खरंच, मालनचं काय होतं? रडणं मिरचीला गेलं, हसणं गुळाला गेलं. तिनं आत सगळीकडे बघितलं, मंडळाचा हात कुठं कुठं पोचला नव्हता ते. आणि मग सासूसमोर, दिरासमोर, आख्ख्या बंदरासमोर तिनं तोंड उघडलं.

"मेल्या! मुडद्या! गनपतीला का नाय आलास? पोत्यांसमोर हुबी ठेवलीस मला दिवसभर! त्या फेरीला ताप आला तवा कुठं होतास? जा, आता जाऊन दाखव, तंगडी मोडते का नाय बघ!"

डोळ्यांतून मिरचीचं पाणी चाललंच होतं, ते तिनं चालू दिलं.

धोंडू बघत राहिला. मग वळकटी खाली ठेवली, आणि त्या खांबाचा चेहरा हळूहळू फुलत गेला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कुठं जात नाय," म्हणाला. "आनखी बोल."

ते बघून शेजारी उभ्या बाबल्याच्या बायकोनं त्याला फैलावर घेतलं. मग तिच्या पलीकडचीनं. आख्खं बंदर शिव्यांनी दणाणलं, आणि चाकरमानी रांगेनं, हसत हसत, आपापल्या शिव्या खात उभे. पडाव खोळंबला. बोट खोळंबली. कप्तान भोंग्यावर भोंगा देत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात मंडळाची वार्षिक सभा भरली. सगळे सुशिक्षित लोक हजर. हरिहरपंतांनी अहवाल वाचला, की अश्रुनियंत्रण पूर्ण यशस्वी झालं असून आगामी वर्षी बंदरावरील अपशब्दांचं नियोजन हाती घेण्यात येईल. साधन ठरवण्यासाठी उपसमिती नेमली आहे. गोपाळकृष्णानं हात वर केला आणि टाळी वाजवली. सभागृहानं कडकडाट केला. मागच्या रांगेत झोपलेले होते, त्यांनी झोपेतच वाजवल्या. काय ऐकलं म्हणून वाजवल्या, असं नंतर विचारलं तर एकालाही सांगता येईना. कुणी म्हणालं, शेजारच्यानं वाजवली म्हणून. कुणी म्हणालं, अध्यक्ष थांबले म्हणून.

हसलात ना? मी जरा थांबलो की तुम्ही हसता, मघापासून बघतोय. मिरजोळ्याच्या बायकांना त्याबद्दल निदान गूळ तरी मिळाला होता.