टर्क्यांचं एकत्र कुटुंब

"यमाईची आन घेऊन सांगते," धोंडुबाई अंगणात उभी राहून म्हणाली, "ही पाखरं एका खुराड्यात नांदली न्हाईत, तर मी सोता तुझी येगळी चूल मांडून देईन."

धाकटी सून मंगलनं कान टवकारले. लग्न होऊन आल्यापासून तिला एवढंच हवं होतं, वेगळी चूल. थोरल्या जावेनं दूध लपवलं तरी 'थोरली हाय ती', आणि मंगलच्या ताटात खरवड आली तरी 'थोरली हाय ती'. सासूचं हे पालुपद ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. नवरा सूरज भला माणूस, म्हणजे आईपुढं मुका. बायकोला विरंगुळा म्हणून त्यानं मिरजेहून टर्कीची नुकती निघालेली पिल्लं आणली. थोरल्या जावेच्या दांडग्या टर्क्या घरात आधीच होत्या. पिल्लं बाजूला ठेवू, असं मंगल म्हणाली आणि ठिणगी पडली.

"बाजूला? आमी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. कोकरू आन म्हातारी मेंढी एकाच वाड्यात. थोरली धाकट्यांवर माया करत्यात!" असं म्हणत धोंडुबाईनं ती आण घेतली होती.

आता हे टर्कीला कुणी सांगायचं?

सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं, डोकं टोचून फोडलेलं. "नजर लागली," धोंडुबाई म्हणाली. मग दुसरं गेलं. "त्येचंच चुकलं. थोरल्यांच्या म्होरं खायाला कशाला जायाचं?" तिसऱ्यावर एक धूड रात्रभर बसलं होतं. पिल्लू भाकरीगत चपटं होऊन निघालं.

"बगा की माया! ऊब द्याया बसली व्हती."

"आवं आत्ती, मेलं की ते!"

"ऊब जास्त झाली आसंल."

मंगलला रडू यायचं. मनातून बरंही वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी रडू यायचं. रोज उठून ती खुराड्याकडं पळायची, ते पिल्लं वाचावीत म्हणून की मरावीत म्हणून, हे तिचं तिलाच कळेना.

"आत्ती, काढू का भायेर?"

"सवय व्हईल. तुला न्हाई झाली?"

शेवटी सूरजला कंठ फुटला नाही, पण हात फुटले. आईचा डोळा चुकवून त्यानं उरलेली पिल्लं खोक्यात घातली आणि वर बल्ब लावला. टोचायला कुणी नाही, दाणा पुढं, पाणी पुढं. आणि पिल्लं नुसती उभी! टर्कीच्या पिल्लाला दुसरं कुणी खाताना दिसल्याशिवाय खायचं सुचत नाही. एवढं मठ्ठ पाखरू देवानं कशाला घडवलं, कुणास ठाऊक. भरल्या ताटाशी ती उपाशी मेली. एकच उरलं.

धोंडुबाईला जोर चढला. "बगितलंस? ही तुजी येगळी चूल! दाणा हाय, पर खायाला शिकवनारं कोन न्हाई."

मंगलनं ते पिल्लू पदरात घेतलं आणि ती पहिल्यांदाच सासूवर ओरडली. "एकत्र ऱ्हायलं तर टोचून मरतंय, येगळं ऱ्हायलं तर उपाशी मरतंय. मग जगायचं कसं, त्ये तरी सांगा!"

म्हातारी चपापली. यमाईची आण घेतली होती आणि मेलेली पिल्लं सगळ्या गावानं पाहिली होती. ती उठली. रात्री मेंढरांभोवती लावायची जुनी वाघर तिनं काढली, ते जाळं दुहेरी केलं आणि खुराड्याच्या मधोमध बांधलं. पलीकडं दांडगी टर्की दाणा टिपू लागली. अलीकडून पिल्लानं मान वाकडी करून पाहिलं आणि तेही टिपू लागलं. मंगलला हुंदका आवरेना.

"यमाईची आन मोडायची न्हाई," धोंडुबाई म्हणाली. तिन्हीसांजेच्या आत तिनं मागच्या पडवीत स्वतःच्या हातानं मंगलची चूल मांडली. मंगल सासूच्या पाया पडली. सूरज भिंतीसाठी विटा घेऊन धावत आला.

"भिंत न्हाई घालायची," धोंडुबाई म्हणाली. "भिंतीनं पिल्लू मरतंय." तिनं उरलेली वाघर पडवीत आडवी बांधली आणि पलीकडं घोंगडं अंथरून चुलीसमोर ताट घेऊन बसली.

"पीठ सैल झालंय गं," ती जाळीतून म्हणाली. मग घराकडं तोंड करून तिनं थोरल्या सुनेला हाक मारली. "तूबी ताट घिऊन हितं बस. रोज बसायचं. धाकटीला कोनतरी खाताना दिसाया पायजे."