तेल न लावलेली डोकी

आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात दिघेजी कुठलंही लहान मूल भेटलं की आधी त्याचं डोकं हुंगायचे. तेलाचा वास आला की तोंड पाडायचे. "अरे यार, आज भी चंपी!"

जवळच्या एका दवाखान्यात ते मेंदूचा आलेख काढत. डोक्याला चिकट मलमाने तारा लावायच्या, मूल शांत बसवायचं, पडद्यावर लहरी पाहायच्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वाढत्या वयाच्या धडधाकट मुलांचे आलेख जमवत होत्या, आणि तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत. त्यामुळे गल्लीतल्या समस्त आज्या दिघेजींवर नाराज.

आमची लेक ओवी सहा वर्षांची असल्यापासून दरवर्षी जायची. वाढदिवसाला केकच्या आधी दिघेजींचा प्रश्न ठरलेला, "मागची लहर किती तेज झाली, बघायची ना?" डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक लहर उठते. तान्ह्या बाळात ती संथ असते, मूल वाढतं तशी वेग धरते.

चौथीत ओवीच्या बाईंनी तिला 'स्लो' म्हटलं. मी रडवेली होऊन दवाखान्यात गेले. दिघेजींनी पडदा माझ्याकडे वळवला.

"वहिनी, लहर उमरीच्या हिशेबाने चालली आहे. अक्कल यात दिसत नाही, कुणाचीच नाही. माझीही काढून बघितली."

मला हसू फुटलं. त्या रात्री मी नीट झोपले.

यंदा ओवीला पंधरावं लागलं. आलेख संपल्यावर दिघेजी म्हणाले, "बस, आता मोठ्यांसारखीच लहर. पुढच्या साली यायची जरूरत नाही."

मग ते कोमट पाण्याच्या बोळ्याने तिच्या केसांतलं मलम पुसू लागले. एरवी झटपट होणारं काम त्या दिवशी संपेना. दिघेजींना मूलबाळ नाही. बायको वारल्यापासून घरीही ते एकटेच. हे मला माहीत होतं, पण तिथे उभी असताना पहिल्यांदा जाणवलं.

ओवीलाही काही कळलं असावं. ती उठली नाही.

"काका, तारा नसल्या तरी येऊ ना मी?"

दिघेजींनी बोळा बाजूला ठेवला. खूप वेळ हात पुसले.

"चहा पितेस का गं आता?"

"पिते."

"मग बस," म्हणाले, आणि आपली एकुलती खुर्ची तिच्याकडे सरकवून स्वतः रोग्यांच्या स्टुलावर जाऊन बसले.