चारच्या आधी तीन

बायकोला आणायला जायचं तर गाडी आतून-बाहेरून चकाचक हवी, म्हणून नानांनी इंजिन पुसायला घेतलं. तिथेच सगळं बिनसलं.

गाडी साधीसुधी नव्हती. नानांच्या तरुणपणी जिच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरायची, तसली आठ सिलिंडरची, लांबलचक बॉनेटची जुनी मसल कार. आयुष्यभर तिच्यासाठी झुरून शेवटी नानांनी ती उतारवयात घेतली. (गाडीचंही उतारवयच होतं, त्यामुळे स्थळ जुळलं.) पण बायको तिच्यात अजून बसलीच नव्हती. गाडी दारात आली आणि लगेच लेकीला मुलगा झाला. बाळाला सांभाळायला बायको डोंगरापलीकडच्या शहरात निघून गेली. तिला बसमध्ये बसवताना नाना छाती फुगवून म्हणाले होते, "आज बसने जा, पण परत आणायला मी गाडी घेऊनच येईन."

तेव्हापासून घर खायला उठत होतं. नाना सवयीने दोन कप चहा टाकायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. भांडायला कोणी नाही म्हणून रेडिओशी हुज्जत घालायचे. बायकोची आठवण येते हे कबूल करायला त्यांना जड जात होतं, पण येत होती, फार येत होती.

तर इंजिन. नानांची सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. एका नंबरची फाईल दुसऱ्या नंबरच्या जागी दिसली की त्यांना रात्रीची झोप लागत नसे. आठ सिलिंडरना करंट नेणाऱ्या आठ वायरी त्यांनी काढून पुसल्या. त्या कुठल्या क्रमाने लावायच्या ते इंजिनाच्या लोखंडावरच कोरलेलं होतं: एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. नानांनी कपाळाला हात लावला. एवढी नावाजलेली कंपनी आणि साधे आकडे ओळीत लावता येऊ नयेत! तरी त्यांनी फार ढवळाढवळ केली नाही. (कचेरीतला माणूस एकदम मोठी सुधारणा करत नाही.) फक्त शेजारी बसून उलटे झाले होते, तेवढे सुलटे केले. चारच्या आधी तीन घातला, सहाच्या आधी पाच.

गाडी सुरू झाली, पण कण्हत. ॲक्सिलरेटर दाबला की पिकअप घेण्याऐवजी ती धाप टाकायची आणि मग "धडाम्!" असा बार काढायची. गल्लीतली कुत्री घराघरांत शिरली. कोपऱ्यावरच्या चढावर तर बाबागाडी ढकलणारी एक बाई नानांना मागे टाकून गेली, वर "मदत करू का?" असंही विचारून गेली.

नानांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. गाडीची खोकला काढायची हौस काही फिटेना. शेवटी वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आपला छोटा आरसा घेऊन खाली आले.

"आ करा," असं सवयीने म्हणून त्यांनी प्लग तपासले. "मधले चार किडलेत. काळे पडलेत, ओले आहेत. काढून टाका."

"आणि नवे?"

"नवे बसवू की. पण आठवडाभर कडक काही देऊ नका."

नवे प्लगही तसेच काळे पडले. नाना इंजिन चालू ठेवून हताश उभे असताना बायकोचा फोन आला.

"कधी येताय?"

"आता येतोच. किरकोळ काम राहिलंय..." धडाम्!

"अगंबाई! काय फुटलं?"

"दार आपटलं, वाऱ्याने."

"दाराला खोकला येतो का? अहो, खरं सांगा, तुम्ही काही आवरलंत का?"

नानांनी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं.

"मागे माझे डबे उंचीप्रमाणे लावलेत आणि मी चहात मीठ घातलं, आठवतंय? जे आवरलंत ते आधी होतं तसं करा बघू."

फोन ठेवून नाना बॉनेटमध्ये वाकले. मनावर दगड ठेवून त्यांनी पुन्हा तीनच्या आधी चार घातला आणि पाचच्या आधी सहा. किल्ली फिरवली मात्र, गाडी अशी गरजली की दंतवैद्यांच्या कपाटातल्या कवळ्या वाजल्या! नानांच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोला त्यांनी मुद्दाम कळवलं नाही. अचानक दारात उभं राहून तिचा चेहरा बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. डोंगरावरची वळणं गाडीने लीलया घेतली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून नाना वाटेत तिच्याशी दोनदा बोललेसुद्धा. लेकीच्या दारात त्यांनी हॉर्न दिला आणि भांग नीट केला.

लेक बाळाला घेऊन बाहेर आली. "बाबा, तुम्ही इथे? आई सकाळच्याच बसने गेली की! म्हणाली, त्यांची गाडी काही येत नाही आणि मला आता राहवत नाही."

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मी आपल्या दारात उभी आहे," बायको म्हणाली. "दाराला कुलूप. कुठे आहात?"

"तुझ्या लेकीच्या दारात. गाडी घेऊन आलोय! तू थांब, मी आत्ता वाऱ्यासारखा येतो."

पलीकडे तिचा आवाज हळवा झाला. "गाडी राहू दे तिथेच. तुम्ही बसने या. मला आज तुम्ही घरी हवे आहात."