हारापुरती जागा

"तीन दिवस झाले, भितीसंगं बोलून राह्यली. डोकं फिरलं वाटते पोरीचं!"

ही कुरकुर दाराच्या पडद्याआडून आली. म्हणजे माझ्या कानापासून जेमतेम दोन हातांवरून! पडद्यामागे माझ्या सासूबाई, सरस्वतीबाई. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर वरवट बकाल, आणि हळू बोलणं म्हणजे काय हे त्यांना आजवर कोणी शिकवलेलं नाही. 'पोरगी' म्हणजे मी. वय एक्कावन्न!

आणि मी भिंतीशी नाही, भिंतीला टेकवलेल्या मोबाइलशी बोलत होते. लोणारच्या स्टँडजवळचा माझा फोटो स्टुडिओ दुसऱ्या लॉकडाउनमध्ये पुन्हा बंद पडला. लग्नं पंचवीस माणसांत, दोन तासांत. फोटो काढायला नवरीचा मामेभाऊ. मग मी ठरवलं, कोणाकडे न शिकता बावीस वर्षं कॅमेरा चालवला, आता अख्ख्या जिल्ह्याला शिकवून सोडते! 'घरबसल्या फोटोग्राफी', रोज दुपारी चार वाजता, मोबाइलवर. अकरा पोरी आल्या.

पहिल्या दिवशी चहाचा कप. दुसऱ्या दिवशी शेळी. शेळी हलली, पण माझा वर्ग हलला नाही. तिसऱ्या दिवशी मी ऐटीत सांगितलं, "आज घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस! खिडकीजवळ बसवा, मागे पांढरी चादर. नजर सरळ. हसायचं नाही. आणि डोक्यावर, दोन्ही बाजूंना चांगली चार बोटं जागा सोडा."

उंद्री गावची प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, जागा कायले?"

"लागते. मागाहून लागते," म्हणून मी घाईने खिडकीच्या उजेडाकडे वळले.

अर्ध्या तासात फोन आला.

"मी प्रतीक्षाचा आबा, अर्जुनराव. आमच्या मंडळीचा फोटो तुमच्याच स्टुडिओत मोठा केला होता. तवा तुम्हीच म्हनल्या होत्या, बाजूनं जागा पाह्यजे, नाईतर हारात चेहरा झाकते!"

चहा माझ्या नाकात गेला.

"आबा, तसं काही नाही हो!"

"मंग कसं हाय?"

मी नाक पुसत म्हणाले, "तो... उजेडाचा अभ्यास आहे."

"माहा दिवा अजून चालू हाय म्हना!" असं म्हणून आबांनी फोन आपटला आणि पोरींच्या घराघरांत बातमी पोचवली: लोणारची बाई म्हाताऱ्या माणसांचे हाराचे फोटो काढून ठेवून राह्यली!

बंडच झालं! सोजराबाई नावाच्या आजींनी न्हाणीला आतून कडी लावली. एक आजोबा नातवाचा गॉगल लावून बसले, तो काढेनात. अर्जुनरावांनी तर शोधच लावला. हसऱ्या, वेड्यावाकड्या फोटोला कोणी हार घालत नाही! मग काय विचारता! आबांची जीभ हनुवटीपर्यंत. एक आजी कवळी हातात धरून खदाखदा हसतेय. बावीस वर्षांत इतके जिवंत फोटो माझ्या हातून निघाले नव्हते!

घरात मात्र सासूबाई रुसल्या. माझ्या पंगतीला जेवेनात. मी चहा दिला की कप भिंतीकडे तोंड करून प्यायच्या.

चौथ्या दिवशी पाच वाजता त्यांची लस होती. नऊ दिवस खेटे घालून माझ्या मिस्टरांनी, शेखरांनी, नंबर लावला होता. चुकला तर पुढची लस कधी येईल, कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि साडेतीनला कळलं, आईंचं आधार कार्ड नाही!

ओळखीला पासबुक चालेल म्हणून ते उघडलं, तर त्यावरचा फोटो उचकटलेला. संशय येऊन आमच्या लग्नाचा अल्बम उघडला, तर त्यांच्या जागी चार कोपरे आणि डिंकाचा डाग. घरात त्यांचा एकही चेहरा शिल्लक नव्हता! शेखर माळ्यावर चढले, मी गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. शेवटी ज्वारीच्या डब्यात तळाला गाठ मारलेली पिशवी सापडली. त्यात सगळे चेहरे, आधारासकट.

तोवर चार वाजले होते. भिंतीला टेकवलेला मोबाइल वर्गासाठी सुरू होता आणि अकरा चौकटींत पोरी, त्यांच्या मागे त्यांची म्हातारी माणसं, आमचं घर पाहत होती.

"आई, हे काऊन लपवलं?" शेखर म्हणाले.

"तुह्या बायकोले इचार. आधारच्या फोटोवरून मोठे करून देते ते. या महिन्यात किती केले, मले दिसत नाही का?"

खरं होतं. शटर बंद होतं, पण व्हॉट्सॲपवर गेलेल्या माणसांची आधार कार्डं येतच होती. मी मागच्या खोलीत बसून त्या पुसट चेहऱ्यांना कान, कपाळ, डोळे देत होते. कोणाकडेच आपल्या माणसाचा एक धड फोटो नव्हता. तिसरा धडा मला तिथेच सुचला होता. पण हे मी पोरींना सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही.

"आई, तो फोटो नुसता आठवण म्हणून..." मी म्हणाले.

"पुढंमागं असलेला बरा..." शेखर म्हणाले.

"कार्यक्रमाला लागतो कधी कधी..."

"कोनता कार्यक्रम?"

शेखर पिशवीची गाठ पुन्हा बांधू लागले. मोबाइलमधून कोणी खोकेना. आणि त्या दिवसांत खोकणं थांबवायला भलतंच बळ लागायचं!

सासूबाई उठल्या. मी वर्गासाठी टांगलेल्या चादरीपुढच्या स्टुलावर बसल्या, पदर नीट घेतला आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"मी मेल्यावर भितीवर लावाले फोटो पाह्यजे, असं सरळ म्हन ना वं! मी का अमरपट्टा लिहून आनला हाय? पन तो आधारातला लावशीन, तर भितीवरून उतरून येईन! त्याच्यात मी कोंबडी चोरल्यावानी दिसतो. काढ आता. जागा सहा बोटं सोड, झेंडूचा हार जाड असते. आन् लवकर काढ! पाच वाजता लस घ्याले जाचं हाय, मले इतक्यात नाही मराचं!"