सोनं शोधणारा फोन

अधिक महिन्यात गेवराईचा बजरंग धोंडे खायला कड्याला सासुरवाडीला आला, तो खिशात नवाकोरा फोन घेऊनच. जेवणं उरकल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे विठ्ठलरावांनी, भावकीसमोर त्याच्या बोटात सोन्याची अंगठी घातली. अंगठी जरा सैल होती, पण जावयाचं ध्यान कुठं होतं? फोन पावलं मोजतो, उंची मोजतो, दिशा दाखवतो, पाठीतल्या लोहचुंबकानं गाडीतल्या स्टँडला चिकटून बसतो, हे कौतुक त्यानं पुरण पचेपर्यंत ऐकवलं.

"बोलायला येतंय ना त्याच्यावर? मग बाकीची सगळी थेरं हायत," विठ्ठलराव म्हणाले.

हे बजरंगच्या जिव्हारी लागलं. "दावतोच मामा!" म्हणत तो गोठ्यात गेला. बायकोच्या, सुरेखाच्या हातात त्यानं फोन दिला आणि स्लो मोशनची करामत दाखवायला कडब्याची कुट्टी ओंजळी भरभरून उधळली. कुट्टी झकास उडाली. तिच्यासंगं अंगठीही उडाली आणि ढिगात गडप झाली. व्हिडिओत मात्र ती जाताना फार सुरेख दिसत होती.

"आता आईला काय सांगू?" सुरेखा रडकुंडीला आली. "धोंड्याचं सोनं हरवलं म्हनल्यावर हितं तोंड दावायची सोय ऱ्हायली का?"

"रडती कावून? ह्यात धातू हुडकायचं ॲप हाय!"

बजरंग फोन घेऊन ढिगावर ओणवा झाला. फोन टुँई टुँई करायचा आणि हाताला लागायचं भलतंच. आधी गंजका खिळा, मग कुट्टी मशीनचा नट, मग बैलाच्या पायाची पत्री.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू, गेली तर गेली," गलका ऐकून गोठ्यात आलेले विठ्ठलराव पुन्हा पुन्हा म्हणू लागले. सासऱ्याचं एवढं मोठं मन बजरंग लग्नापासून पहिल्यांदाच बघत होता.

पण त्यांच्या मागोमाग आलेल्या सासूबाई, वच्छलाबाई, कंबरेला पदर खोचून उभ्या. अंगठीसाठी त्यांनी आपली जुनी बोरमाळ मोडायला नवऱ्याच्या हाती दिली होती. "घावल्याबिगर कुनी हलायचं न्हाई," त्यांनी बजावलं.

इतक्यात फोन केकाटला. बजरंगनं कुट्टी बाजूला सारली, तशी अंगठी टुणकन उडाली आणि फोनच्या पाठीतल्या लोहचुंबकाला जाऊन चिकटली.

बजरंगला हर्ष मावेना. वच्छलाबाई मात्र नवऱ्याकडं बघत होत्या. "अवो, सोन्याला लोहचुंबक कवापासून धरायला लागलं?"

विठ्ठलरावांना दरदरून घाम फुटला. बजरंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी त्याला राग आला. पण भावकीत पागोटं मिरवणारा तो माणूस बैलाआड तोंड लपवू लागला, तेव्हा त्याला दयाच आली.

"मामी, नवं फीचर हाय," तो म्हणाला. "सोनं दिसलं की फोन ओढूनच घेतो."

"लई कामाचा फोन!" विठ्ठलराव घाईघाईनं म्हणाले. "मी पयल्यापासून तेच म्हनतोय!"

वच्छलाबाईंनी हातातली पाटली उतरवून फोनच्या पाठीला टेकवली आणि सोडली. पाटली सरळ खाली कुट्टीत पडली.

विठ्ठलरावांनी घसा खाकरला.

"चार्जिंग उतरली असंल," ते हळूच म्हणाले.