लटारू कोणत्या जिल्ह्यात मेला

लटारू सकाळी साप चावून मेला, आणि दुपार कलली तरी तो कोणत्या जिल्ह्यात मेला हे ठरत नव्हतं. वैनगंगेच्या पात्रातलं ते इवलंसं बेट. त्यावर त्याची डांगराची वाडी आणि राहायला एक खोपडी. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. कधीकाळी कुणीतरी नदीच्या मधोमध हद्द आखली. नदी आपल्या मर्जीने सरकली, रेघ काही सरकली नाही, आणि पुढे गाळ साचून बेट वर आलं ते नेमकं त्या रेघेवर. डांगरं पिकली की दोन्ही काठांचे साहेब बेट आपलंच म्हणत. आज ते कुणालाच नको होतं.

कमळाला एवढंच हवं होतं की उजेड असेतो नवऱ्याला अग्नी मिळावा. वरच्या धरणाचं पाणी सुटलं होतं, दिवस बुडता बुडता बेट बुडणार होतं. पण सापाचं प्रकरण, पंचनाम्याशिवाय प्रेत हलवायचं नाही, असा दोन्ही काठांच्या जमादारांचा हुकूम. हुकमावर दोघांचं एकमत होतं. पंचनामा कुणी करायचा, एवढंच राहिलं होतं.

डोकं ज्या बाजूला, त्या जिल्ह्याचं प्रेत, असा तोडगा अलीकडच्या धनराज जमादारांनी काढला आणि ते मोबाइलवर नकाशा उघडून खोपडीत शिरले. पण कमळाने रीतीप्रमाणे नवऱ्याचे पाय दक्षिणेला केले होते. नदीही तिथे दक्षिणेलाच वाहते. त्यामुळे हद्द लटारूच्या नाकावरून निघून दोन्ही पायांच्या मधून गेली होती.

"साप कोणत्या पायाले चावला, बाई?" धनराजांनी विचारलं.

"डाव्या."

"मंग तुमचा," धनराज पलीकडच्या कोलू जमादारांना म्हणाले.

"पाय आमचा असन. साप तं तुमच्याकडूनच आला ना."

मग दोघांनी आपापल्या साहेबांना फोन लावले. साहेबांनी मोजणीवाला पाठवतो म्हणून सांगितलं. मोजणीवाला परवा येणार होता. पाणी मात्र आजच आलं आणि कडेची डांगरं एकेक करून तरंगू लागली.

कमळाने लटारूच्या पायावर पदर ओढला.

"साप नाई चावला," ती म्हणाली. "ताप होता त्याले."

पदर आखूड पडला होता. दातांच्या दोन खुणा धनराजांना दिसल्या, कोलूंनाही दिसल्या.

"काटा रुतला असन," कोलू म्हणाले.

"काटाच हाये," धनराज म्हणाले.

त्यानंतर कामाला काय तो वेग आला. दोघांनी टोप्या काढल्या, खोपडी मोडली, तिच्याच लाकडांवर लटारूला निजवलं. जिल्ह्याचं नावही कुणी काढलं नाही.

चिता पेटल्यावर धनराज कमळाजवळ आले. माणूस तसा भला होता. "सुखानं गेला म्हणा, बाई," ते म्हणाले.

कमळाने मान हलवली. पहाटेपासून लटारू तोंडाला फेस येईपर्यंत तडफडला होता, आणि दोन्ही काठांना हाका मारून मारून तिचा घसा बसला होता. हे आता तिला कुणालाच सांगता येणार नव्हतं.